कट्टीचं कार्ड

डिसेंबर लागला की आमच्या घरातली कात्री हरवते. दोन दिवस शोधाशोध होते आणि शेवटी ती आमच्या शेरॉनच्या दप्तरात सापडते, पात्यांना डिंक लागलेला, मधोमध रंगीत कागदाचा तुकडा अडकलेला. मी तोंड सोडते. आणि बोलता बोलता एस्तेरबाई आठवतात, कारण त्या असत्या तर त्यांनी मलाच गप्प केलं असतं. "अगं सुनीलची बायको, कात्री वापरायला असते. पुजायला नाही."

परळच्या आमच्या लहानशा मराठी चर्चमध्ये एस्तेरबाई संडे स्कूलचा शिशुवर्ग घ्यायच्या. म्हणजे चार ते सात वर्षांची चिल्लीपिल्ली. किती वर्षं घेत होत्या हे कोणालाच धड सांगता यायचं नाही. माझा नवरा सुनील त्यांच्या हाताखालून गेला, त्याची थोरली बहीण गेली आणि पुढे आमची शेरॉनही गेली. मी लग्न होऊन नगरहून आलेली. मला चांगलं नावगाव असूनही बाईंनी मला शेवटपर्यंत 'सुनीलची बायको' म्हटलं. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, माझं नाव मेघना आहे हो."

"माहितीये की. पण तुझ्या नवऱ्याने नाताळाच्या चित्रातल्या मरियेच्या गाढवाला हिरवा रंग दिला होता. त्याला बायको मिळाली ह्याचंच मला अजून नवल वाटतं."

बुटक्या, अंगाने भरलेल्या, कायम कॉटनची साडी आणि खांद्याला एवढी मोठी कापडी पिशवी. आवाज असा की उपासनेला मागच्या बाकावर बसून गायल्या तरी पुढचे लोक मान वळवून बघायचे. पेटीवाला बिचारा सूर द्यायचा, पण बाई तो कधी घ्यायच्या नाहीत. घरून स्वतःचा घेऊन यायच्या. वर्ष-दोन वर्षं लढून पेटीवाल्याने हार मानली आणि तोच त्यांच्यामागून जायला लागला. मुलांना मात्र हा सूर बरोब्बर सापडायचा, कारण मुलंही त्याच पट्टीत किंचाळतात.

लग्न केलं नव्हतं. काळाचौकीला चाळीत एका खोलीत राहायच्या. निवृत्त होईपर्यंत गिरगावात लग्नपत्रिकांच्या दुकानात होत्या, आणि त्या दुकानाशी त्यांचं नातं निवृत्तीनंतरही सुटलं नाही. बिघडलेल्या पत्रिका, चुकून जास्त छापलेल्या पत्रिका, नवऱ्यामुलाचं आडनाव चुकलं म्हणून पडून राहिलेला गठ्ठा, हे सगळं बाईंच्या पिशवीतून परळला यायचं. कागद म्हणजे कसला कागद! जाड, मलईसारखा, कडेला सोनेरी वेल. आमच्या मुलांची नाताळाची कार्डं त्यातून व्हायची. दुकानातल्या तयार कार्डांना बाई हात लावायच्या नाहीत. म्हणायच्या, "त्यातला मेंढपाळ माझ्या ओळखीचा नाही."

आता लग्नपत्रिका म्हटली की वर गणपती आलाच. उठावदार, सोनेरी. नाताळाच्या कार्डावर गणपती कसा चालेल? तो कापायचा. पण कापून टाकायचा कुठे? आमच्या चर्चमधल्या एका उत्साही बाईंनी पहिल्या वर्षी ते तुकडे केराच्या डब्याकडे नेले, तेव्हा एस्तेरबाईंनी त्यांचा हात धरला. "कोणाचा तरी देव आहे तो. आपल्याला नको असेल, पण आपण कचऱ्यात टाकायचा नाही." मग ते सगळे गणपती एका पाकिटात भरून त्यांनी शेजारच्या सावंतकाकूंना नेऊन दिले. सावंतकाकू मालवणच्या बाजूच्या. पहिल्या वर्षी त्यांना भरून आलं. चौथ्या-पाचव्या वर्षी त्या दारातच कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एस्तेर, पुरे गो बाय! माझ्या देव्हाऱ्यात आता माका बसाक जागा नाय!" शेवटी दोघींनी मिळून तोडगा काढला. पाकीट वर्षभर कपाटावर ठेवायचं आणि सावंतकाकूंच्या घरच्या गणपतीबरोबर त्याचं विसर्जन करायचं. चाळीत त्याला 'एस्तेरचे गणपती' म्हणायचे. मूर्ती निघाली की कोणीतरी हाक मारायचंच, "अरे, एस्तेरचे घेतले काय?"

ह्या कार्डांचे बाईंचे काही नियम होते. बर्फ म्हणून कापूस चिकटवायचा नाही. "बेथलेहेमात कापूस पडला नव्हता." एका मुलीला कापूस चिकटवायचाच होता, ती हमसून रडायला लागली, तेव्हा बाईंनी त्याच कापसाला चार काड्या लावून दिल्या आणि त्याचं मेंढरू झालं. दुसरा नियम, चित्रातल्या बाळाला पाहिजे तो रंग द्यायचा, पण 'स्किन कलर' असं कोणी म्हणायचं नाही. आणि तिसरा नियम सगळ्यांत मोठा. कार्ड उघडलं की आत कोरं असायचं. शुभेच्छा नाहीत, बायबलचं वचन नाही, नावही नाही.

"आत काय लिहायचं, बाई?" असं नवीन मूल विचारायचंच.

"काही नाही. आतलं तोंडाने सांगायचं."

म्हणजे मुलाने कार्ड स्वतः नेऊन द्यायचं. आईबापांनी जिन्यात थांबायचं. दार उघडलं की कार्ड हातात ठेवायचं आणि बाहेर जे चित्र काढलंय त्याची गोष्ट त्या माणसाला सांगायची. सांगून झाली की कार्ड पूर्ण झालं. "छापलेलं कोण वाचतं?" बाई म्हणायच्या. "मी आयुष्यभर छापलेलं विकलं. लोक फक्त जेवणाची वेळ बघतात."

ह्यातून काय काय व्हायचं! जोएल नावाचा एक पाच वर्षांचा गडी सावंतकाकूंच्याच दारात उभा राहिला. मी आणि त्याची आई जिन्यात कान देऊन. जोएलच्या घरच्यांची तेव्हा भाड्याच्या जागेसाठी शीवपासून लालबागपर्यंत पायपीट चालली होती, आणि पोराने घरातलं बोलणं ऐकलेलं. त्याने गोष्ट सुरू केली. "मरियेच्या पोटात बाळ होतं. ते लोक रूम बघत होते. सगळे बोलले, आम्ही फॅमिलीला देत नाही. एक जण बोलला, एजंटला घेऊन या. मग त्यांना गोठ्यात जागा मिळाली. तिथे पाणी सकाळीच येतं."

जोएलच्या आईने कपाळाला हात लावला. पण आतून सावंतकाकूंचा आवाज आला, "शिरा पडली ती त्यांच्या तोंडार! दोन जीवाची बाय दारात उभी आणि खोली नाय देऊक?" त्यांनी जोएलला आत ओढून घेतला आणि त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले.

आम्ही घाबरत घाबरत बाईंना हे सांगितलं. त्या टाळ्या वाजवून हसल्या. "काकू चिडल्या ना? मग गोष्ट पोचली. आपल्याला इतक्या वर्षांत कधी आलाय राग मरियेला जागा नाकारणाऱ्या त्या धर्मशाळावाल्याचा? आपण नुसतं गाणं म्हणून घरी येतो."

बाईंचं आणखी एक होतं. देवाबद्दल खोटं बोलायचं नाही, आणि गोड खोटं तर मुळीच नाही. मुलं काय वाटेल ते विचारतात. "येशू बाळ होता तेव्हा शी करायचा?" असं एकाने भर वर्गात विचारलं. मागे बसलेल्या आया शरमेने लाल झाल्या. बाई म्हणाल्या, "करायचा तर. मरिया धुवायची. तुझी आई धुवायची तस्संच." पोरगं इतकं खूश झालं की त्या दिवसापासून त्याची येशूशी पक्की मैत्री. दुसऱ्या एकीचा कुत्रा मेला होता. "स्वर्गात कुत्रे असतात का?" बाईंनी थोडा विचार केला. "मला माहीत नाही गं. मी अजून गेले नाही. गेले की बघीन." आम्ही मोठी माणसं अशा वेळी पटकन काहीतरी ठोकून देतो, कारण आपल्याला मूल गप्प करायचं असतं. बाईंना मूल गप्प करायची घाई कधीच नव्हती.

ही बाईंची सवय आमच्या घरावर आली ते माझे सासरे गेले त्या वर्षी.

सासरे म्हणजे आबा. शेरॉन सहा वर्षांची, आणि आबा म्हणजे तिचं सर्वस्व. रविवारी तेच तिला बोटाला धरून संडे स्कूलला न्यायचे, वर्ग संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसायचे, येताना भायखळ्याच्या बाजारात तिला शहाळं पाजायचे. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आबा आजारी पडले आणि त्यांना आयसीयूत ठेवावं लागलं. लहान मुलांना आत सोडत नव्हते. शेरॉन रोज झोपताना हात जोडायची आणि अगदी खात्रीने सांगायची, "येशू, आबांना घरी आण. थँक यू. आमेन." 'थँक यू' ती आधीच म्हणून टाकायची, काम झाल्यासारखं.

आबा घरी आले नाहीत. पहाटे गेले. आम्ही कोणी जवळ नव्हतो, तिथे कोणाला थांबूच देत नव्हते.

मग भेटायला लोक आले. आमच्या माणसांचा स्वभाव चांगला, पण जीभ सैल. एकाने शेरॉनला मांडीवर घेऊन सांगितलं, "देवाला चांगली माणसं आवडतात ना, म्हणून त्याने आबांना बोलावून घेतलं." शेरॉन त्यांच्या मांडीवरून उतरली. रात्री मला म्हणाली, "त्याच्याकडे एवढी चांगली माणसं आहेत. माझे एकच आबा होते." त्या दिवसापासून तिने हात जोडणं बंद केलं. जेवणाआधीची प्रार्थना सुरू झाली की ती डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत बसायची. मी समजावलं, रागावले, एकदा तर चॉकलेटचं आमिषही दाखवलं. काही उपयोग झाला नाही. मला तेव्हा खरोखर भीती वाटली, आणि ती भीती कोणती ते मी लपवत नाही. आबांना गमावलं ते गमावलंच, पण त्यांच्याबरोबर माझ्या लेकीचा देवही गेला तर मी काय करू? एवढ्या लहान वयात तिने दार लावून घेतलं तर ते पुन्हा कोण उघडणार?

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी तिला जवळजवळ ओढतच वर्गाला नेलं आणि बाईंच्या कानात सगळं सांगितलं. म्हटलं, "बाई, तुम्ही तिला समजावून सांगा काहीतरी."

"काय सांगू? तुला माहितीये का देवाने असं का केलं?"

"नाही."

"मलाही नाही. मग दोघी मिळून लेकराला काय समजावणार?"

मला रागच आला. इतकी वर्षं पवित्र शास्त्र शिकवलेली बाई, आणि हे उत्तर? मी मागच्या बाकावर जाऊन बसले, तोंड फुगवून.

सगळ्या मुलांनी कागद घेतले. शेरॉनने हाताची घडी घातली. बाई तिच्याशेजारी लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसल्या, त्यांना बसायला भलताच त्रास व्हायचा तरी. "कार्ड नाही करायचं?"

"नाही. माझी येशूशी कट्टी आहे."

मी उठणार होते. बाईंनी मान डोलावली, जणू कोणी शाळेत मधल्या सुट्टीत झालेलं भांडण सांगावं तशी. "कट्टी आहे होय. किती मोठी?"

"खूप. मी त्याला रोज सांगत होते. त्याने ऐकलं नाही. आणि आबा एकटे होते."

"हं. मग कट्टी करण्यासारखंच आहे हे." मग बाईंनी विचारलं, "पण त्याला सांगितलंस का कट्टी आहे ते?"

शेरॉनने पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं. "नाही."

"मग त्याला कळणार कसं? तू नुसतीच गप्प बसलीस तर त्याला वाटेल, विसरली. कट्टी सांगावी लागते. आणि बघ, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी आपण कट्टी करतो का? आपल्या माणसाशीच करतो. मोठमोठी माणसं त्याच्याशी भांडलीत. तुझी काय ती पहिली कट्टी नाही." त्यांनी चांगला जाड, सोनेरी कडेचा कागद तिच्यापुढे ठेवला. "कट्टीचं कार्ड कर."

शेरॉनने केलं. बाहेर एक पलंग काढला, रिकामा, आणि त्याच्यापुढे बंद दार. बाळ नाही, तारा नाही, मेंढरं नाहीत. मग आतल्या कोऱ्या कागदाकडे बघत म्हणाली, "आतलं तोंडाने सांगायचं ना? पण कट्टी आहे तर मी बोलू कशी?"

बाई चक्क अडल्या. त्यांचा एवढा मोठा नियम! क्षणभर त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरंय तुझं. कट्टीत बोलता येत नाही. तू लिहून दे."

इतक्या वर्षांत आत काही लिहिलेलं ते पहिलं कार्ड. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'येशू, कट्टी. शेरॉन.' आता हे नेऊन द्यायचं कुठे? नियम म्हणजे नियम, कार्ड ज्याचं त्याच्या हातात. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा मांडला होता, तिथे बाई शेरॉनला घेऊन गेल्या आणि आपण चार पावलं मागे थांबल्या. शेरॉनने गवतातल्या बाळाच्या उशाशी कार्ड ठेवलं आणि वळूनही न बघता परत आली.

उपासना सुरू व्हायच्या आधी आमच्या कमिटीचे सेक्रेटरी गव्हाणीची बत्ती नीट करायला वाकले. त्यांनी कार्ड उघडलं आणि ते लालबुंद झाले. तसेच तरातरा बाईंकडे आले. "हे काय आहे, बाई? ख्रिस्तजन्माच्या दिवशी? तुम्ही मुलांना हे शिकवता? पाहुणे यायचेत, लोक काय म्हणतील?" त्यांना आधीपासूनच शिशुवर्ग तरुण मंडळींकडे द्यायचा होता. प्रोजेक्टर, कार्टून, मोबाइलवर पाठवायची कार्डं. त्यात वाईट काही नव्हतं, पण बाईंना बाजूला करायला त्यांना निमित्त हवं होतं, आणि ते आमच्याच लेकीने हातात दिलं. मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

बाई अजिबात चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. "साहेब, ते कार्ड तुमच्या नावाचं आहे का?"

"नाही, पण..."

"माझ्याही नाही. ज्याच्या नावाचं आहे त्याच्या उशाशी आहे. दुसऱ्याच्या घरी आलेलं कार्ड आपण मधल्यामध्ये काढून घेतो का? ठेवा परत." मग म्हणाल्या, "वर्ग काढून घ्यायचा तर घ्या. पण त्या पोरीला मी सांगितलंय की तिची कट्टी पोचवीन. मला खोटं पाडू नका."

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तिथेच झगा नीट करत उभे होते. त्यांनी सेक्रेटरींच्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं आणि स्वतः नेऊन गव्हाणीत ठेवलं. देखावा उतरवेपर्यंत कार्ड तिथेच होतं. वर्गही बाईंकडेच राहिला, प्रोजेक्टर मोठ्या मुलांकडे गेला.

मला वाटलं, झालं, आता पोरीचा राग निवेल. कसला निवतोय! पण पुढच्या रविवारी तिने एक नवीनच सुरू केलं. कट्टी झालेल्या मुलांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. ज्याच्याशी कट्टी, त्याच्याशी तिसऱ्यामार्फत बोलायचं. 'तिला सांग, माझा रबर दे.' शेरॉन प्रार्थनेच्या वेळी बाईंच्या साडीचा पदर ओढून म्हणाली, "बाई, त्याला सांगा, माझा दात हलतोय."

बाईंनी डोळे मिटले आणि इतक्या गंभीरपणे सांगितलं, "प्रभू, शेरॉन म्हणते, तिचा दात हलतोय." मग डोळे उघडून, "सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काही बोलला नाही. पण ऐकून घेतलं."

वर्षभर हे चाललं. "त्याला सांगा, पप्पांना बरं वाटत नाहीये." "त्याला सांगा, मला वर्गात पुढच्या बेंचवर बसायचंय." "त्याला सांगा, मला आबांची आठवण येते." हे शेवटचं सांगताना बाईंचा आवाज त्यांच्या नेहमीच्या वरच्या पट्टीतून खाली आला, हे मी मागच्या बाकावरून ऐकलं. पण एकदाही त्यांनी उलट निरोप बनवून आणला नाही. किती सोपं होतं! 'येशू म्हणाला, आबा मजेत आहेत' एवढं म्हटलं असतं तरी पोरगी खूश झाली असती. मी एकदा तसं सुचवलंही. बाई म्हणाल्या, "निरोप्याने पदरचं घालायचं नसतं, सुनीलची बायको. एकदा घातलं की पुढचा खरा निरोपही कोणी खरा मानत नाही." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही बाई माझ्या मुलीला देवाजवळ ओढत नव्हती. नुसती मधली दोरी धरून बसली होती, तुटू नये म्हणून. त्यांचे उपकार मी कसे फेडणार होते?

पुढच्या डिसेंबरात कार्डं अर्धवट असतानाच बाईंना दम लागायला लागला आणि त्यांना परळच्याच एका इस्पितळात ठेवलं. त्यांचा कल्याणचा भाचा येऊन-जाऊन होता. सावंतकाकू रोज पेज घेऊन जायच्या आणि परत येताना जिन्यात बसून रडायच्या. शेरॉनने बाईंसाठी कार्ड केलं आणि माझ्यामागे धोशा लावला, मला द्यायला जायचंय, नेऊन द्यायचा नियम आहे. मी टाळत होते. पुन्हा इस्पितळ, पुन्हा पलंग. त्यात बाईंचं लक्षण ठीक दिसत नव्हतं, हे आम्हा मोठ्यांना कळत होतं. एक आधार होता, तोही गेला तर ह्या पोरीचं काय होणार?

शेवटी एका संध्याकाळी भेटीच्या वेळेत नेलं. वॉर्डातल्या सिस्टरने मुलीकडे बघून दहा मिनिटं दिली. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी, एवढ्याशा दिसत होत्या. शेरॉनला बघून त्यांचा चेहरा फुलला. कार्डावर मेंढपाळ होते. तिने त्यांची गोष्ट सांगितली, शेकोटीपासून गव्हाणीपर्यंत, न चुकता. बाईंनी मान डोलावली. मग शेरॉन सवयीने जवळ सरकली. "बाई, त्याला सांगा..."

बाईंनी हाताने थांबवलं. एकेक शब्द श्वास घेत म्हणाल्या, "आज मला... बोलवत नाही गं. आज तूच सांग."

"पण माझी कट्टी आहे."

"माहितीये."

मी पटकन पुढे झाले. "शेरू, मी सांगते हं त्याला, काय सांगायचंय?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी थांबले. त्या नजरेत राग नव्हता. मुलाचं उत्तर आपण देऊ नये, एवढंच होतं.

शेरॉन उभी राहिली. वॉर्डात सगळीकडे बघितलं. दाराशी वॉचमन आला होता आणि नातेवाइकांना ओरडून सांगत होता, "चला, चला, टाइम झाला. सातनंतर कोणी थांबायचं नाही." बायका डबे उचलत होत्या. शेरॉन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. वर पंख्याकडे बघून, भांडल्यासारख्या आवाजात म्हणाली,

"येशू, मी बोलतेय. शेरॉन. इथे सातनंतर कोणाला राहू देत नाहीत. आबांच्या वेळेला पण नव्हते देत. तू राहा. बाईंच्या जवळ बस. वॉचमनला विचारू नको. आमेन."

'थँक यू' म्हणाली नाही. बाईंनी आमेन म्हटलं, त्यांच्या त्या जुन्या पट्टीत म्हणायला गेल्या, पण आवाज पोचला नाही.

बाई नाताळच्या आधीच गेल्या. रात्री, झोपेत. मी सकाळी शेरॉनला जवळ घेऊन सांगितलं. ती खूप रडली. रडून झाल्यावर तिने विचारलं, "एकट्या होत्या?"

काहीतरी गोड बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर मीही वर्षभर बसले होते. म्हटलं, "मला माहीत नाही, बाळा. मी तिथे नव्हते."

"मला माहितीये," शेरॉन म्हणाली. "मी त्याला सांगितलं होतं."

त्या भेटीच्या संध्याकाळी इस्पितळातून निघताना मी दारातून एकदाच मागे वळून बघितलं होतं. वॉर्ड रिकामा होत होता. सिस्टर बाईंच्या पलंगाशी उभी राहून त्यांना दटावत होती, "आजी, इतक्या कडेला नका सरकू, पडाल. नीट मध्ये झोपा बघू." बाई मान हलवून नाही म्हणत होत्या. त्या पार पलंगाच्या एका कडेला सरकल्या होत्या आणि अर्धी गादी त्यांनी मोकळी ठेवली होती.